विषबाधा आणि एक्मो : यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीचे तास

उन्हाळा लागला की आपल्या घराघरांत वर्षाचा गहू भरला जातो. नेवासा, राहुरी, श्रीरामपूर असो की नगर शहरातले मुकुंदनगर, गहू वाळवायचा, निवडायचा आणि कोठीत भरायचा हे काम अम्मी, खाला, भाभी मिळून करतात. अलीकडे या कामात धान्यात ठेवायच्या गोळ्यांचा शिरकाव झाला आहे. दुकानदार त्या कागदात बांधून देतो. काही कोठीत जातात, उरलेल्या फडताळात पडून राहतात. पुढे कधी त्या लहान मुलाच्या हाती लागतात, तर कधी घरातले मोठे माणूस रागाच्या किंवा निराशेच्या भरात त्यांच्याकडे वळते. मग त्या घरावर जे कोसळते, त्याबद्दल आपल्यात उघड बोलले जात नाही. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे.

या गोळ्यांचे नाव अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. ओलावा लागला की त्यांतून फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो. धान्यातले किडे त्यानेच मरतात. माणसाच्या शरीरात हाच वायू पेशींना प्राणवायू वापरू देत नाही. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशी उपाशी राहतात. सर्वांत आधी हृदय थकते. रक्तदाब उतरतो, हातपाय गार पडतात, रक्तात आम्ल साचते. या विषावर आजवर उतारा सापडलेला नाही. डॉक्टर सलाइन देतात, रक्तदाब वाढवणारी औषधे देतात, व्हेंटिलेटर लावतात. पण ज्याचे हृदयच रक्त ढकलेनासे झाले, त्याला या उपायांनी फार आधार मिळत नाही. बहुतेक मृत्यू पहिल्या दिवसातच होतात.

मात्र या विषाची एक गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानात आली. रुग्ण पहिले काही दिवस तगला, तर त्याचे हृदय बहुधा पुन्हा पूर्ववत काम करू लागते. म्हणजे हृदय कायमचे निकामी झालेले नसते, बधिर झालेले असते. ते शुद्धीवर येईपर्यंत त्याचे काम दुसऱ्या कोणी केले तर? एक्मो हे यंत्र तेच करते.

यंत्र काय करते?

एक्मो म्हणजे शरीराबाहेर ठेवलेले तात्पुरते हृदय आणि फुप्फुस. रुग्णाच्या जांघेतल्या मोठ्या शिरेत जाड नळी घालून काळपट रक्त बाहेर घेतले जाते. पंप ते रक्त एका डब्यातून फिरवतो. त्या डब्यात केसासारख्या बारीक पोकळ तंतूंचा पडदा असतो. तिथे रक्ताला प्राणवायू मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मग लालभडक झालेले रक्त दुसऱ्या नळीने धमनीत परत सोडले जाते. हृदय दुबळे असले तरी मेंदू, मूत्रपिंड आणि यकृताला रक्त मिळत राहते.

या यंत्राची मुळे हृदयाच्या शस्त्रक्रियेत आहेत. १९५३ साली अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्र लावून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. ते यंत्र काही तासांपुरते होते. १९७१ मध्ये अपघातात फुप्फुसे निकामी झालेला एक तरुण अशाच यंत्रावर काही दिवस राहून वाचला. १९७५ मध्ये डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी एका नवजात बाळाला यावर जगवले. आपल्याकडे एक्मो हा शब्द घरोघरी पोहोचला तो कोरोनाच्या साथीत.

विषबाधेत याचा उपयोग कितपत होतो, याचे उत्तर आपल्याच देशात मिळाले. पंजाबात गव्हाचे कोठार मोठे, म्हणून या गोळ्यांचे रुग्णही जास्त. लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी आपला अनुभव २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. अत्यंत गंभीर अशा ४५ रुग्णांपैकी १५ जणांना एक्मो लावता आले. त्यांतले ५ दगावले, १० वाचले. उरलेल्या ३० जणांवर नेहमीचे उपचार झाले. त्यांतले २६ गेले. रुग्ण थोडे होते आणि ही चिठ्ठ्या टाकून केलेली कसोटी नव्हती, हे लक्षात ठेवूनही फरक मोठा आहे.

पण त्याच अहवालातली दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. एक्मो लावूनही जे दगावले, ते वाचलेल्यांच्या मानाने रुग्णालयात उशिरा पोहोचले होते. यंत्र तेच आणि डॉक्टर तेच, तरी आधी गेलेला वेळ भरून निघाला नाही.

सगळ्याच विषांवर चालते का?

नाही. एक्मो विष काढून टाकत नाही, फक्त वेळ मिळवून देते. म्हणून जिथे विषाचा असर काही दिवसांत ओसरतो, तिथेच ते कामाचे. धान्याच्या गोळ्या हे एक उदाहरण. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या काही गोळ्या जास्त पोटात गेल्या, तरी हृदय असेच बधिर होते आणि तिथेही याचा आधार घेतला जातो. घरात अब्बांची रक्तदाबाची औषधे उशाशी उघडी पडलेली असतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पॅराक्वाट या तणनाशकाचे तसे नाही. ते फुप्फुसांवर कायमचे व्रण सोडते, त्यामुळे वाट पाहून हाती फारसे लागत नाही. फवारणीच्या ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांनी विषबाधा झाली, तर अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शने आणि वेळेवर व्हेंटिलेटर यांनीच बरेच रुग्ण वाचतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तिथे प्रश्न मोठ्या यंत्राचा नव्हता. तोंडावरचा रुमाल, हातमोजे आणि जवळच्या दवाखान्यातल्या तयारीचा होता. विषारी दारूतल्या मिथेनॉलवर उतारा आणि डायलिसिस चालते. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत अशा दारूने शंभराहून अधिक जीव घेतले. फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात पांगरमल येथे निवडणुकीच्या पार्टीत बनावट दारू पिऊन माणसे दगावली. विष कोणते, यावर उपाय ठरतो. म्हणून काय पोटात गेले हे खरे सांगणे हाच उपचाराचा पहिला भाग आहे.

आपल्या जिल्ह्याचा हिशेब

अहिल्यानगर क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके, सतरा हजार चौरस किलोमीटरचा पसारा. अकोल्याच्या डोंगरातून किंवा जामखेडच्या टोकाहून जिल्ह्याच्या ठिकाणी येईतो तास-दोन तास सहज जातात. नगरहून पुणे आणखी सव्वाशे किलोमीटर. एक्मोला यंत्राबरोबर चोवीस तास राबणारी प्रशिक्षित माणसे लागतात, रक्तपेढी लागते आणि खर्च लाखांत जातो. रक्त पातळ ठेवावे लागत असल्याने रक्तस्रावाचा धोका असतो. नळी घातलेल्या पायाचा रक्तपुरवठा अडू शकतो. म्हणून हे यंत्र प्रत्येक तालुक्यात येईल, ही आशा आज धरता येत नाही.

मग करायचे काय? रुग्णाला तालुक्याच्या दवाखान्यात, जिल्हा रुग्णालयात किंवा लोणीच्या प्रवरा रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी आधी स्थिर करायचे आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच तासात विचारायचे, 'पुढे एक्मो असलेल्या रुग्णालयात न्यावे लागेल का? लागणार असेल तर आत्ताच बोलणे कराल का?' हृदय पूर्ण थांबल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यातले काय बसते, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला त्याच वेळी विचारावे.

याच जिल्ह्यातल्या जामखेडमध्ये १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. फारसे न शिकलेल्या खेड्यातल्या बायका आरोग्याचे काम उत्तम करू शकतात, हे त्यांनी जगाला दाखवले. विषबाधेच्या पहिल्या अर्ध्या तासात घरात डॉक्टर नसतो. अम्मी, बाजी, शेजारीण असते. तिला पुढच्या गोष्टी माहीत असायला हव्यात.

एक, ताबडतोब १०८ ला फोन करा. गाडीला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा.

दोन, मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. दूध, तूप, ताक, पाणी काहीही देऊ नका. गोळ्यांना ओलावा लागला की वायू आणखी सुटतो.

तीन, रुग्णाला मोकळ्या हवेत आणा. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा. उलटीतूनही वायू येतो, म्हणून तोंड जवळ नेऊ नका आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवा.

चार, डबी, पाकीट, उरलेल्या गोळ्या पिशवीत घालून सोबत न्या. किती वाजता घेतले ते सांगा.

पाच, रुग्ण बोलतोय, चालतोय म्हणून घरी थांबू नका. या विषात पहिले तास असेच फसवे असतात.

इज्जत आणि जीव

आता सर्वांत अवघड गोष्ट. अनेक घरांत वेळ रस्त्यामुळे जात नाही, दारामागे जातो. 'पोलीस केस होईल', 'मुलीचे लग्न ठरायचे आहे', 'जमातीत तोंड कसे दाखवायचे' असे म्हणत तास निघून जातात. मग दवाखान्यात 'जेवणातून काही झाले असेल' असे सांगितले जाते आणि डॉक्टर भलत्याच आजाराच्या मागे लागतात.

कायदा काय म्हणतो ते ऐका. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आधी उपचार, कागदपत्रे नंतर. सरकारी असो वा खासगी, डॉक्टरने जीव वाचवायलाच हवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरले जाते. त्याला शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेणे ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेचे कलम ३०९ ठेवलेलेच नाही. पोलिसांत नोंद होते, जबाब होतो, पण त्या भीतीने माणूस गमावण्याचे कारण नाही.

आत्महत्या हराम आहे हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. पण समोर तडफडणारा जीव अजून जिवंत आहे आणि त्याला वाचवणे आपले फर्ज आहे. हिशेब घेणारा अल्लाह आहे. आपले काम गाडी काढण्याचे. वाचून घरी आलेल्या मुलाला, सुनेला टोमणे मारू नका. ती जागा मायेची आणि मानसोपचाराची आहे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते, मराठीतही. मन जड झालेल्या कोणीही, आधीच, हा फोन करावा. मशिदीतल्या इमाम साहेबांनी जुम्याच्या बयानात एकदा या विषयावर चार शब्द सांगितले, तर कितीतरी बंद दारे उघडतील.

गोळी घरात कशाला?

कायद्याप्रमाणे या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच. सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रक यांनीच जाणकारांच्या देखरेखीखाली त्या वापरायच्या आहेत. २००१ मध्ये केंद्र सरकारने दहा आणि वीस गोळ्यांच्या नळ्यांवर पूर्ण बंदी घातली. तरी बाजारात त्या सुट्या मिळतात. आपल्या घरांची बांधणी पाहा: ज्या खोलीत गव्हाची कोठी, त्याच खोलीत रात्री मुले झोपतात. गोळी कोणी खाल्ली नाही तरी तिचा वायू त्या बंद खोलीत भरतो.

गहू कडक उन्हात नीट वाळवा, थंड झाल्यावर घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरा. कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. नानी-दादी गव्हाला एरंडेल तेल चोळत, ते आजही चालते. वर्षाचा जमत नसेल तर चार महिन्यांचाच भरा. उरलेल्या गोळ्या घरात असतील तर आज त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा कुलपात, माणसे झोपत नाहीत अशा कोरड्या जागी ठेवा. पाण्यात किंवा मोरीत टाकू नका, तालुक्याच्या कृषी कार्यालयाला विचारून विल्हेवाट लावा. आणि दुकानदाराने पुढच्या वेळी पुडी पुढे केली, तर ती परत सरकवा.