घरपोच माल आणि तालुक्याचे दुकान

गेल्या दहा-बारा वर्षांत खरेदीची एक नवी रीत खेड्यापाड्यांतून रूढ झाली आहे. फवारणीचा पंप, ठिबकची नळी, ताडपत्री, विजेची मोटार, इतकेच नव्हे तर बियाणे व औषधे हीदेखील मोबाइलवरून मागविली असता काही दिवसांत दाराशी येऊन पडतात, आणि त्यांची किंमत पुष्कळदा तालुक्याच्या बाजारभावापेक्षा कमी असते. ह्यामुळे तालुक्याच्या पेठेतील लहान दुकानदार व कारागीर अडचणीत आले आहेत. त्यांस आधार द्यावा असा उपदेश जिकडे तिकडे ऐकू येतो. परंतु तो आधार दयाबुद्धीने द्यावयाचा की स्वहिताचा हिशेब करून, आणि कोणास द्यावयाचा व कोणास नाही, ह्याचा विचार फारसा होत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा हिशेब मांडून दाखवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दूरचा माल स्वस्त का?

प्रथम स्वस्ताईचे कारण पाहू. फ्लिपकार्ट ही पेढी २००७ साली बंगळुरास सुरू झाली. अॅमेझॉनने ह्या देशात २०१३ साली व्यापार आरंभिला. २०१८ साली वॉलमार्ट ह्या अमेरिकन कंपनीने फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलर देऊन घेतला. एवढे भांडवल पाठीशी असल्यावर मोठमोठी कोठारे बांधणे, माल घाऊक हलविणे आणि गिऱ्हाईक जोडण्यासाठी प्रसंगी तोटाही सोसणे शक्य होते. शिवाय अशा व्यापारास प्रत्येक गावी गाळा घ्यावा लागत नाही, उधारी सांभाळावी लागत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. परदेशी भांडवलाच्या अशा पेढीस आपल्या कायद्याप्रमाणे स्वतःचा माल साठवून किरकोळ गिऱ्हाइकास थेट विकता येत नाही. तिने केवळ बाजार भरवावयाचा व विक्री इतरांनी करावयाची, असा नियम आहे. म्हणजे मोबाइलवर दिसते ते दुकान नसून बाजार होय. त्या बाजारात पाल टाकून बसलेला विक्रेता कोण, हे आपण पाहिले पाहिजे. बहुतेकजण वस्तू पाहतात, किंमत पाहतात, परंतु विक्रेत्याचे नाव वाचीत नाहीत.

फळीवर पडून राहणारा माल

आता तालुक्याच्या दुकानाकडे वळू. पंप व मोटारींच्या दुकानात दोन तऱ्हेचा माल असतो. पाइप, वायर, फवारणीचे पंप, नोझल हा झटपट खपणारा माल. दुसरा माल म्हणजे अमुक एका जुन्या पंपाचा इंपेलर, तमुक मापाचा बुश, बेअरिंग, स्टार्टरची कॉइल. हा माल वर्ष-वर्ष, कधी दोन-दोन वर्षे फळीवर धूळ खात पडतो व दुकानदाराचा पैसा त्यात अडकून राहतो. तरीही तो ठेवितो, कारण पाइप-वायरीच्या नफ्यावर हा बोजा सोसता येतो. दुकानास लागून मोटारीची जळालेली वाइंडिंग भरून देणारा कारागीर बसलेला असतो. त्याचेही काम त्याच पेठेच्या वर्दळीवर चालते.

गिऱ्हाइकांनी पाइप, वायर व पंप बाहेरून आणण्यास आरंभ केला की दुकान एकदम बंद पडत नाही. आधी फळीवरचे सुटे भाग नाहीसे होतात. मग कारागीर शहराची वाट धरितो. सर्वांच्या शेवटी दाराला कुलूप लागते. शेतकऱ्याच्या नजरेस ते कुलूप पडते. परंतु त्याचे खरे नुकसान त्याच्या कितीतरी आधी, बुश मिळेनासा झाला त्या दिवशीच सुरू झालेले असते.

बलुत्याचा मर्म

आपल्या वाडवडिलांस हे तत्त्व ठाऊक होते. लोहार-सुतारास सुगीच्या वेळी खळ्यावर बलुते मिळे, ते त्या वर्षी किती फाळ शेवटले ह्याचा चोख हिशेब करून नव्हे. पेरणीच्या ऐन घाईत पाभर मोडली तर सुतार गावातच असावा, त्याची ती तजवीज होती. त्या पद्धतीत जातीची सक्ती होती, अन्याय होता, आणि ती गेली हे इष्टच झाले. परंतु तिच्यासंगे कारागिराची वर्षभराची हमीही गेली. आज त्यास बांधून ठेवणारा एकच धागा उरला आहे. तो म्हणजे आपली नित्याची खरेदी. अकरा महिने त्याच्याकडे फिरकावयाचे नाही व बाराव्या महिन्यात मोटार खांद्यावर टाकून त्याच्या दारी जावयाचे, ह्यास गरज सरो वैद्य मरो असेच म्हणावे लागेल. आणि वैद्य खरोखरच मेला तर पुढील गरज कोण भागविणार?

उदाहरणाने हिशेब

समजा, पाच अश्वशक्तीची मोटार दुरून मागविल्याने एका शेतकऱ्याचे २,००० रुपये वाचले. एप्रिल महिन्यात उन्हाळी भुईमूग शेंगा भरण्याच्या अवस्थेत असताना मोटार जळाली. ह्या अवस्थेत पाण्याचा ताण पडला तर शेंगा पोचट राहतात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. तालुक्यात कारागीर असता तर तिसऱ्या दिवशी पाणी सुरू झाले असते. तो नसल्याने मोटार लांबच्या शहरी धाडावी लागली व दहा दिवस मोडले. एकरी दोन क्विंटल शेंगांची घट आली व भाव क्विंटलला ६,००० रुपये धरला, तर एका एकरात १२,००० रुपये गेले.

मोटार जळालीच नाही तर वाचलेले २,००० रुपये निव्वळ नफा होत, हेही आम्ही मान्य करितो. परंतु अशा सहा खरेद्यांत एकदा जरी हा प्रसंग आला, तरी सहाही वेळची बचत त्यात फिटून जाते. आकडे ज्याने त्याने आपल्या पिकाप्रमाणे बदलून घ्यावेत. हिशेबाची रीत हीच राहील. तात्पर्य, ज्या वस्तूच्या पाठीमागे दुरुस्ती असते, तिची किंमत केवळ पावतीवरून ठरवू नये.

दुकानदाराचे दोष

ह्याचा अर्थ जवळचा म्हणून कोणत्याही दुकानदाराच्या पदरी पैसा टाकावा असा मुळीच नव्हे. ओळखीचा चोर जिवे न सोडी, अशी म्हण आहे, ती उगाच पडलेली नाही. पक्की पावती न देणे. युरियाच्या गोणीसोबत नको असलेले औषध वा विद्राव्य खत गळ्यात मारणे. उधारीच्या मालास जास्त भाव लावून त्यात व्याज दडविणे. ज्या औषधात नफा अधिक तेच रोगावर रामबाण म्हणून देणे. हे प्रकार घडतात व शेतकऱ्यास दूरच्या बाजाराकडे लोटतात. उधारीचेच पाहा. मुदतीत परतफेड करणारास पीककर्ज सालीना ४ टक्के किंवा त्याहूनही कमी व्याजाने पडते. पाचशे रुपयांच्या मालाचे चार महिन्यांच्या उधारीवर साडेपाचशे मोजले, तर तो दर सालीना ३० टक्के झाला. सबब सोसायटीचे कर्ज वेळेवर उचलून दुकानात रोख द्यावे व रोखीचा भाव मागावा. दुकानदाराचा पैसा मोकळा होतो, आपले व्याज वाचते.

कायदा काय सांगतो?

खत, बियाणे व औषध ह्यांचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. अनुदानित खत २०१८ पासून देशभर परवानाधारक दुकानातील यंत्रावर खरेदीदाराची ओळख पटवूनच विकले जाते. सबब खतासाठी जवळचे दुकान टिकणे ही आपली गरजच आहे.

बियाण्याच्या बाबतीत १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे विक्रेत्यास परवाना लागतो, साठा व भाव ह्यांचा फलक लावावा लागतो, आणि खरेदीदारास पावती द्यावी लागते. उगवण फसल्यास तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे पावती, पिशवी, तिच्यावरील खूणचिठ्ठी व थोडे शिल्लक बियाणे हाच आपला पुरावा. बियाणे घेणारा शेतकरी हा कायद्याने ग्राहकच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला आहे; परंतु पावती नसेल तर त्या निर्णयाचा लाभ मिळविणे कठीण.

कीटकनाशके परवानाधारक विक्रेत्यांमार्फत मोबाइलवरून विकण्यास २०२२ साली नियम बदलून मुभा देण्यात आली. तरीही येथे किंमतीपेक्षा जीव मोठा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, ही गोष्ट विसरता येणार नाही. डब्यावरील लाल त्रिकोण अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम व हिरवा सौम्य, हे घरातील प्रत्येकास ठाऊक असावे. निविष्ठा विक्रेत्यांसाठी हैदराबादच्या मॅनेज ह्या संस्थेने २००३ पासून एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम चालविला आहे. आपल्या दुकानदाराने तो केला आहे काय, हे विचारण्यास संकोच धरू नये.

दूरच्या खरेदीसही कायद्याचे संरक्षण आहे. २०२० च्या नियमांप्रमाणे विक्रेत्याचे नाव व पत्ता दाखविणे, आणि तक्रारीची पोच ४८ तासांत देऊन एक महिन्यात तिचे निवारण करणे त्या पेढ्यांवर बंधनकारक आहे. १९१५ ह्या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यताही मिळते. परंतु एक महिना हा कार्यालयाच्या हिशेबाने थोडा, पिकाच्या हिशेबाने फार.

व्यवहारात काय करावे?

१. ज्या वस्तूस दुरुस्ती, सुटे भाग वा सल्ला लागतो, ती शक्यतो तालुक्यात घ्यावी. ताडपत्री, पुस्तक, दोरखंड अशा वस्तू जेथे स्वस्त व चांगल्या मिळतील तेथे घेण्यास हरकत नाही.

२. मोबाइलवरील भाव दुकानदारास दाखवावा. त्याने तितकाच भाव द्यावा असा हट्ट धरू नये. फरक का, हे मात्र विचारावे. प्रामाणिक दुकानदार उत्तर देतो.

३. मृगापूर्वी गावातील दहा-वीस जणांनी पाइप, नोझल व सुट्या भागांची एकत्र यादी करून सोसायटीमार्फत वा थेट दुकानात रोखीने मागणी नोंदवावी. घाऊक खरेदीचा जो लाभ मोठ्या पेढीस मिळतो, त्याचा काही भाग ह्या रीतीने आपल्याकडे येतो.

४. पक्क्या पावतीवाचून एक रुपयाचाही माल घेऊ नये, मग दुकानदार सख्खा सोयरा का असेना.

५. कारागिराची मजुरी उधार ठेवू नये. हंगाम नसताना पंप तपासून घ्यावेत. त्यास रिकाम्या दिवसांत काम मिळते व आपली ऐनवेळची धावपळ टळते.

दुकानदारांनीही काळ ओळखावा. भावाचा फलक लावणे, मोबाइलवर मागणी घेणे व गावात माल पोचविणे त्यांस आज अशक्य नाही. लहान विक्रेत्यांसही ऑनलाइन विक्री करता यावी म्हणून २०२१ च्या अखेरीस ओएनडीसी ही संस्था स्थापन झाली आहे. तिचा विचार त्यांनी अवश्य करावा.

ग्राहकाने दुकान जगवावे ही अपेक्षा तेव्हाच रास्त ठरते, जेव्हा दुकान ग्राहकाचे पीक जगविते. असे दुकान, असा कारागीर आपल्या तालुक्यात कोण, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊकच असते. त्याच्याकडील आपली खरेदी ह्या हंगामापासून किती वाढविता येईल, ह्याचा विचार आमच्या वाचकांनी पेरणीची यादी करतानाच करावा, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.