रेशमावरचे दप्तर

ॲलिस्टर हार्डी या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९२५ साली ‘डिस्कव्हरी’ जहाजावरून दक्षिण महासागरात जाताना जे यंत्र बरोबर नेले, त्याचा प्लास्टिकशी काडीमात्र संबंध नव्हता. देवमाशांच्या आहाराशी निगडित असलेले प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, कोठे विरळ व कोठे दाट आहेत, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते. हेच यंत्र सुधारून १९३१ पासून उत्तर समुद्रातील व्यापारी जहाजांच्या मागे ओढले जाऊ लागले, आणि आज त्याचा कारभार इंग्लंडातील प्लिमथ येथून चालतो.

रचना पाहण्यासारखी आहे. मीटरभर लांबीच्या या धातूच्या पेटीला पुढे जेमतेम अर्ध्या इंचाचे चौकोनी तोंड असते. त्यातून शिरलेले पाणी रेशमी पट्टीतून गाळले जाते, शेपटीकडचा पंखा पाण्याच्या रेट्याने फिरून ती पट्टी सावकाश सरकवतो, दुसरी पट्टी वरून येऊन जिवांना मध्ये दाबून धरते आणि ही दुहेरी गुंडाळी फॉर्मॅलिनच्या टाकीत जाऊन बसते. दहा सागरी मैलांचा सारा वृत्तान्त सुमारे चार इंच रेशमावर मावतो!

या पट्ट्या जतन करून ठेवल्या, हे मोठेच शहाणपण. रिचर्ड टॉम्पसन व सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी अबर्डीन ते शेटलंड आदी मार्गांवरच्या, १९६० च्या दशकापासूनच्या पट्ट्या उलगडल्या, तेव्हा प्लवकांच्या शेजारीच प्लास्टिकचे बारीक तंतू आढळले व पुढील दशकांत ते वाढत गेल्याचे दिसले.

मला मात्र अधिक अप्रूप वाटते ते नादुरुस्तीच्या नोंदींचे. यंत्र कशात गुरफटले तर त्याची नोंद दप्तरी करण्याचा शिरस्ता होता. नोंद करणाऱ्याच्या लेखी ती कामातील खोळंब्याची कैफियत. १९५७ साली तीत जाळ्याचा दोर आला, १९६५ साली आयर्लंडच्या वायव्येस प्लास्टिकची पिशवी. क्लेअर ऑस्टल व सहकाऱ्यांनी २०१६ पर्यंतच्या, पासष्ट लाख सागरी मैलांच्या या नोंदींची छाननी करून २०१९ साली निष्कर्ष मांडला की, खुल्या समुद्रातील मोठ्या आकाराचे प्लास्टिक अलीकडच्या दशकांत निश्चित वाढले आहे. प्लास्टिक मोजण्याचा विचार ज्या काळात कोणाच्या मनातही नव्हता, त्या काळाचा इतका निःपक्षपाती साक्षीदार मुद्दाम नेमूनही मिळाला नसता.

या साक्षीला मर्यादा आहेत: पेटी सात ते दहा मीटर खोलीवरून जाते, म्हणून तळाशी बसलेले प्लास्टिक तिला ठाऊक नाही, आणि रेशमाची जाळी पाव मिलिमीटरहून किंचित मोठी असल्याने अतिसूक्ष्म कण बहुधा निसटतात. तथापि गुरफटलेल्या वस्तूंत मोठा वाटा दोर, जाळी अशा मासेमारीच्या सामानाचा होता. तेव्हा किनाऱ्यावरच्या पिशव्यांबरोबर बोटींवरच्या जाळ्यांचाही हिशेब सरकारांनी मागितला पाहिजे.