व्यावसायिक कुस्तीतील हेतुपुरस्सर रक्तस्राव

मराठीत ‘कुस्ती’ म्हटले की तालमीतील तांबडी माती डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्ती हा त्याहून अगदी निराळा प्रकार होय. तीत जयपराजय आधीच ठरलेला असतो आणि प्रहारांत अभिनयाचा भाग मोठा असतो. मात्र ‘ब्लेडिंग’ या तंत्रात वाहणारे रक्त खरे असते. येथे कारण खोटे, पण कार्य खरे. आणि म्हणूनच अभिनयाच्या रूढ व्याख्येत हे तंत्र सहजासहजी बसत नाही.

दाढीच्या पात्याचा बारीक तुकडा, केवळ टोक उघडे राहील अशा रीतीने चिकटपट्टीत गुंडाळून, मल्ल मनगटाच्या वा बोटाच्या पट्टीखाली दडवतो. क्वचित तो पंचाजवळ असतो. लटका प्रहार बसताच मल्ल चेहरा झाकून कोसळतो व त्या आडोशात कपाळावर चीर देतो. कपाळच का? तेथे रक्तवाहिन्यांचे जाळे दाट असते. शिवाय कवटीवरील त्वचेखालचे घट्ट संयोजी ऊतक छेदलेल्या वाहिन्यांची तोंडे सहसा मिटू देत नाही. घामात मिसळलेले रक्त चेहराभर पसरते आणि लहानशी जखम भयंकर भासते. रक्त लवकर गोठू नये म्हणून काही मल्ल आधी ॲस्पिरिनही घेत.

या तंत्राचे सामर्थ्य २३ मार्च १९९७ रोजी शिकागोनजीक झालेल्या ब्रेट हार्ट व स्टीव्ह ऑस्टिन यांच्या लढतीत दिसले. हार्ट नायक, ऑस्टिन खलनायक, अशी योजना होती. रक्ताने माखलेला ऑस्टिन हार मान्य न करताच बेशुद्ध झाल्याचे दाखविले गेले, आणि लढत संपेपर्यंत प्रेक्षकांची सहानुभूती त्याच्याकडे वळली होती. ऑस्टिनच्या कपाळावरील चीर हार्टने दिली होती, हे पुढे उघड झाले. स्वतःचे शरीर असे दुसऱ्याच्या हाती सोपविण्यास मोठा विश्वास लागतो.

तो विश्वास मोडला की कला संपते व इजा उरते. वारंवारच्या चिरांनी कपाळावर खोल चऱ्या पडलेल्या ‘अब्दुल्ला द बुचर’ या मल्लाविरुद्ध २०१४ मध्ये कॅनडातील ऑन्टॅरिओच्या न्यायालयाने सुमारे २३ लाख डॉलरच्या भरपाईचा निकाल दिला. त्याने संमतीवाचून दिलेल्या चिरेमुळे आपणास ‘हेपॅटायटिस सी’ जडला, अशी सहकारी मल्लाची फिर्याद होती.

डब्ल्यूडब्ल्यूई या प्रमुख संस्थेने २००८ मध्ये आपले दूरचित्रवाणी कार्यक्रम मुलांनाही पाहता येतील असे करण्याचे धोरण स्वीकारले, आणि तेथे हे तंत्र दीर्घकाळ वर्ज्य ठरले. २०१९ मध्ये स्थापन झालेल्या ऑल एलिट रेसलिंगने मात्र ते आपल्या लढतींत पुन्हा आणले.