उचलू नका, उठायला मदत करा

घरात कोणाला अर्धांगवायू झाला किंवा खुब्याचे हाड मोडले, की त्यांना खाटेवरून खुर्चीत बसवण्याचे काम दिवसातून अनेकदा करावे लागते. बहुतेक वेळा आपण काय करतो? समोर उभे राहून वाकतो, आजाऱ्याच्या काखेत हात घालतो आणि ओढतो. मग आपली कंबर धरते आणि आजाऱ्याचा खांदाही दुखू लागतो. असे का होते? उत्तर शाळेत शिकलेल्या तरफेच्या नियमात आहे.

वाकलेली पाठ ही पहिल्या प्रकारची तरफ आहे. कमरेचा मणका हा टेकू, हातातला भार टेकूच्या पुढे आणि पाठीचे स्नायू मागे, जेमतेम ५ सेंमी अंतरावर. समजा, २० किलोग्रॅमचा भार मणक्यापासून ५० सेंमी दूर धरला. त्याचे वजन सुमारे २०० न्यूटन. म्हणजे

२०० × ५० = स्नायूंचे बल × ५

स्नायूंना २,००० न्यूटन, म्हणजे भाराच्या दहापट बल लावावे लागते! यात आपल्या धडाचे वजन धरलेलेच नाही. हा ताण मणक्यांमधल्या चकत्यांना सोसावा लागतो. तोच भार २५ सेंमीवर आणला, तर बल निम्मे होते. उचलताना भार अंगाजवळ हवा, तो यासाठी.

पण माणूस म्हणजे पेटी नव्हे. त्याला कड्या नसतात, तो मध्येच कलतो. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ साली सुधारलेल्या सूत्रात, सगळी परिस्थिती अनुकूल असताना उचलण्याच्या वस्तूसाठी २३ किलोग्रॅम ही मर्यादा धरली. त्याच संस्थेतील थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली रुग्णांच्या बाबतीत ती सुमारे १६ किलोग्रॅमवर आणली. प्रौढ माणसाचे वजन याच्या कितीतरी पट असते. तेव्हा एकट्याने 'उचलणे' हा मार्गच नव्हे.

येथे उपयोगी पडतो तो आधारपट्टा. जाड, रुंद कापडी पट्टा, पुढे बक्कल, काहींना बाजूला मुठी. तो मदतनिसाने नव्हे, आजाऱ्याने कमरेला बांधायचा. शरीराचा गुरुत्वमध्य साधारण ओटीपोटाच्या पातळीला असतो. पट्टा धरला, की आपला हात त्याच्याजवळ पोहोचतो. तोल गेला तर तेथून सावरणे सोपे जाते. शिवाय आपल्याला जवळ उभे राहता येते. काखेचे तसे नाही. खांद्याचा सांधा उथळ असतो, काखेतून हाताच्या मज्जातंतू जातात. अर्धांगवायूत स्नायू सैल पडले असतील, तर ओढण्याने सांधा निखळू शकतो.

आता वर्गात एक प्रयोग करा. विद्यार्थ्याला खुर्चीत ताठ बसवा, पाय गुडघ्यांच्या सरळ खाली. पुढे न वाकता, हात न टेकता त्याला उठायला सांगा. उठता येणार नाही. कारण गुरुत्वमध्य पावलांच्या मागे आहे. आता पावले मागे घेऊन पुढे झुकू द्या. तो सहज उठेल. आजाऱ्यालाही असेच उठवायचे. त्यांना खाटेच्या कडेला आणा, पावले मागे घ्यायला सांगा, 'एक, दोन, तीन' म्हणत पुढे झुकू द्या. पट्ट्याने आपण फक्त दिशा द्यायची. आपले गुडघे वाकलेले, पाठ सरळ. चाकाच्या खुर्चीचे ब्रेक आधीच लावलेले हवेत.

मदतनीस स्वतःच्या कमरेला बांधतात त्या पट्ट्यांचे काय? त्यांनी निरोगी माणसाची पाठदुखी टळते, असा पुरेसा पुरावा नसल्याचे वरील संस्थेनेच १९९४ साली सांगितले. जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातील योशियुकी सानकाई यांच्या 'हॅल' या यंत्रपोशाखाचा एक प्रकार मात्र मदतनिसाच्या कमरेला मोटारीचे बळ देतो. स्नायूंचे सूक्ष्म विद्युतसंकेत त्वचेवरून टिपून तो चालतो.

साध्या पट्ट्यालाही मर्यादा आहेत. पोटाची शस्त्रक्रिया, बरगडीचा किंवा कण्याचा अस्थिभंग, पोटात नळी, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो बांधू नये. पायांवर थोडाही भार घेता येत नसेल, तर पट्टा उपयोगाचा नाही. तेथे झोळीचे उचलयंत्र हवे. आणि हात लावण्यापूर्वी, काय करणार आहोत ते आजाऱ्याला सांगावे. ते स्वतः जेवढा जोर लावतील, तेवढा आपल्या पाठीवरचा भार कमी होतो आणि त्यांच्या पायांतली ताकदही टिकते.