रिकामा भूखंड, नकली जिने आणि खरे सुवर्णपदक

टोकियोच्या आखातालगतचा आरिआके हा परिसर समुद्रात भराव टाकून तयार झाला आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये जमिनीचे भाव गगनाला भिडले, तेव्हा या किनाऱ्यावर नवे शहर वसवण्याचा घाट टोकियोच्या महानगर प्रशासनाने घातला. १९९६ मध्ये तेथे एक भव्य प्रदर्शन भरवून या नव्या शहराची जगाला ओळख करून द्यायची होती. मात्र तोवर भावांचा फुगा फुटला. दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांमुळे घराघरांत पोहोचलेले युकिओ आओशिमा हे प्रदर्शन रद्द करण्याचे आश्वासन देऊन १९९५ मध्ये गव्हर्नरपदी निवडून आले आणि त्यांनी ते आश्वासन पाळलेही. राजकारणात ही गोष्ट तशी दुर्मीळच. त्यानंतर आरिआकेतील कितीतरी भूखंड वर्षानुवर्षे मोकळेच पडून राहिले.

अशाच मोकळ्या जागेवर २०२१ च्या उन्हाळ्यात पायऱ्या, लोखंडी कठडे, उतार आणि काँक्रीटचे खोलगट हौद उभे राहिले. त्या पायऱ्या कोठेही जात नव्हत्या आणि त्या कठड्यांना धरून कोणी चढणार-उतरणार नव्हते. ऑलिम्पिकमध्ये प्रथमच दाखल झालेल्या स्केटबोर्डिंगसाठी आणि सायकलवरील कसरतींच्या बीएमएक्स फ्रीस्टाइल स्पर्धेसाठी रचलेला हा सारा देखावा होता. त्याला नाव मिळाले आरिआके अर्बन स्पोर्ट्स पार्क.

साहसी खेळांची स्पर्धा शहरातील रिकाम्या जागेवर का भरते, याचे उत्तर या खेळांच्या जन्मकथेत आहे. कॅलिफोर्नियात १९७६-७७ मध्ये मोठा दुष्काळ पडला आणि घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे ठेवावे लागले. सांता मोनिका परिसरातील मुले स्केटबोर्ड घेऊन या रिकाम्या तलावांत उतरू लागली. बहुतेकदा मालकाच्या परवानगीविना. तलावाच्या गोलसर भिंतीवरून वर झेपावायचे आणि कडेला स्पर्श करून पुन्हा खाली यायचे, ही तेव्हाची कसरत. आज ‘पार्क’ या नावाने खेळल्या जाणाऱ्या प्रकारातील काँक्रीटचा हौद म्हणजे त्या कोरड्या तलावाचाच वंशज होय. ‘स्ट्रीट’ हा दुसरा प्रकार नावाप्रमाणेच रस्त्यावरचा. सार्वजनिक इमारतींचे जिने, बाकांच्या कडा, कठडे यांवरून फळी घसरवत नेण्यातून तो घडला.

गंमत अशी की, ज्या शहरांनी या मुलांना खऱ्या जिन्यांवरून हुसकावून लावले, त्यांनाच स्पर्धेच्या वेळी खोटे जिने बांधावे लागतात. शहराची बाजूही अगदीच निराधार नाही. फळीच्या आघाताने दगडी कडांचे टवके उडतात, चाकांचा खडखडाट दूरवर ऐकू जातो आणि वाट चुकलेली फळी एखाद्या वृद्धाच्या पायावर आदळली तर हाड मोडू शकते. म्हणून वस्तीपासून थोडी दूर आणि हवी तशी बांधून पुन्हा मोडता येईल अशी जागा शोधली जाते. ‘एक्स गेम्स’ ही साहसी खेळांची स्पर्धा १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका जुन्या धक्क्यावर भरली होती. तेथेच टोनी हॉक याने अनेक फसलेल्या प्रयत्नांनंतर हवेत अडीच फेऱ्या घेण्याची कसरत साधली आणि या खेळाच्या इतिहासात त्या रात्रीची नोंद झाली. पुढे त्याच धक्क्यावर मोटारी उभ्या राहत. विक्रम जेथे घडला त्या उतरंडीचा मागमूसही तेथे उरला नाही.

आरिआकेत करोनामुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. सुमारे सात हजार आसने मांडलेल्या त्या प्रेक्षागाराकडे पाहत २५ जुलै २०२१ रोजी पुरुषांच्या ‘स्ट्रीट’ प्रकाराची अंतिम फेरी झाली. या प्रकारात प्रत्येक खेळाडूला ४५ सेकंदांच्या दोन फेऱ्या आणि पाच सुट्या कसरती मिळत. सातही प्रयत्नांना दहापैकी गुण आणि त्यांतील सर्वोत्तम चारांची बेरीज. बावीस वर्षांच्या युतो होरिगोमे याच्या दोन्ही फेऱ्या मनासारख्या झाल्या नाहीत. मग त्याने सुट्या कसरतींत ९.०३, ९.३५, ९.५० आणि ९.३० असे गुण मिळवले. एकूण ३७.१८. फेऱ्यांतील एकही गुण हिशेबात न येता सुवर्णपदक. विजेता त्याच कोतो प्रभागातला, ज्यात आरिआके मोडते. एकेकाळी रस्त्यांवर स्केटबोर्ड खेळणाऱ्या त्याच्या वडिलांनीच त्याला हा खेळ शिकवला होता. शालेय शिक्षण संपल्यावर मात्र कारकीर्द घडवण्यासाठी त्याला अमेरिका गाठावी लागली.

दुसऱ्या दिवशी मुलींच्या गटात तेरा वर्षांची मोमिजी निशिया जिंकली. ऑगस्टमध्ये ‘पार्क’ प्रकारात पदकाची प्रबळ दावेदार असलेली पंधरा वर्षांची मिसुगु ओकामोतो अखेरच्या फेरीत पडली आणि चौथी आली. रडणाऱ्या मिसुगुला प्रतिस्पर्धी मुलींनी खांद्यावर उचलून घेतले. पदकांच्या हिशेबात गुंतलेल्या ऑलिम्पिकला हे दृश्य नवखे होते. जपानी समालोचकाच्या तोंडची स्केटबोर्डिंगची बोली तर त्या वर्षीच्या सर्वाधिक गाजलेल्या शब्दांच्या यादीत जाऊन बसली.

पण खरा प्रश्न स्पर्धा संपल्यावरचा. हे संकुल मुळात तात्पुरते होते. खेळ आटोपताच ते मोडायचे ठरले होते. अशा स्पर्धांचा शिरस्ता तोच आहे. पॅरिसमध्ये २०२४ साली प्लास द ला काँकॉर्द या ऐतिहासिक चौकात असेच क्रीडांगण उभे राहिले. तेथे होरिगोमेने पुन्हा सुवर्ण जिंकले आणि नंतर सारे उतरवून चौक मोकळा करण्यात आला. चौकाला ते शोभते. तो पूर्वीही रिकामा नव्हता. आरिआकेची गोष्ट वेगळी होती. तेथील काँक्रीट फोडले असते तर मागे पुन्हा तेच माळरान उरले असते आणि पदके पाहून स्केटबोर्ड विकत घेतलेली मुले पुन्हा रस्त्यावर आली असती. स्पर्धेनंतर या खेळाकडे मुलांचा ओढा वाढला, तशा रहिवाशांच्या तक्रारीही वाढल्या. त्यामुळे हौसेला जागा देणे ही केवळ क्रीडाप्रेमाची बाब राहिली नव्हती.

टोकियो प्रशासनाने अखेर बेत बदलला. स्केटबोर्डिंगची मैदाने राखण्यात आली, त्यांच्या जोडीला प्रस्तरारोहणाची भिंत आणि तिघा-तिघांच्या बास्केटबॉलचे मैदान देण्यात आले आणि २०२४ मध्ये हे संकुल सर्वसामान्यांसाठी खुले झाले. ऑलिम्पिकच्या त्याच पायऱ्यांवरून आता शाळकरी मुले शुल्क भरून उड्या मारतात. टोकियोतील कित्येक बागांमध्ये आणि चौकांत मात्र स्केटबोर्डला मनाई करणारे फलक आजही कायम आहेत.