रिंगणातले साक्षीदार

२०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, शिकागोचा व्यावसायिक कुस्तीगीर कोल्ट कबाना याने ‘आर्ट ऑफ रेसलिंग’ या आपल्या पॉडकास्टवर जुन्या मित्राची, सीएम पंकची, मुलाखत प्रसारित केली. पंक हे डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्ती कंपनीमधले फार मोठे नाव होते. त्या वर्षीच्या जानेवारीत तो कंपनी सोडून निघून गेला आणि नंतरचे दहा महिने त्याबद्दल जवळपास काहीच बोलला नव्हता. कबानासमोर तो दुखापतींबद्दल बोलला, न संपणाऱ्या थकव्याबद्दल बोलला. पाठीवरच्या गाठीवर कंपनीच्या डॉक्टरांनी नीट उपचार केले नाहीत, असा आरोप त्याने केला आणि ऐन लग्नाच्या दिवशी बडतर्फीची कागदपत्रे हाती पडल्याचे सांगितले. चाहत्यांनी ही मुलाखत डोक्यावर घेतली. संबंधित डॉक्टरांनी २०१५ च्या फेब्रुवारीत दोघांवर बदनामीचा दावा लावला. २०१८ च्या जूनमध्ये शिकागोतील ज्युरीने पंक आणि कबाना यांच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, या खटल्याचा खर्च उचलण्याचा शब्द पाळला नाही म्हणून कबानाने पंकवर दावा ठोकला. तो वाद २०१९ मध्ये कोर्टापुरता मिटला, मैत्री मात्र उरली नाही. कुस्तीगीरांनी घेतलेल्या मुलाखतींच्या आजवरच्या इतिहासात याहून महत्त्वाचा भाग दुसरा नाही, आणि अशा मुलाखती कशा जोखाव्यात हा प्रश्नही याच भागापाशी सर्वांत टोकदार होतो.

चाहत्यांची रूढ कसोटी मोकळेपणाची आहे. यजमान किती बेधडक, पाहुणा किती सडेतोड, आवाज कुठे कापरा झाला, शिवी कुठे निसटली, यांवर ‘हा खरे बोलतोय’ असा निवाडा होतो. या धंद्यात ठरवून केलेल्याला ‘वर्क’ म्हणतात आणि खऱ्याखुऱ्याला ‘शूट’. चाहत्याला हवे असते ते शूट. माझे म्हणणे असे की ही कसोटी नेमकी याच व्यवसायात सर्वांत कुचकामी आहे, कारण सच्चेपणाचा सूर निर्माण करणे हेच कुस्तीगीराचे आयुष्यभराचे कसब असते. ‘केफेब’ पाळणे, म्हणजे ठरलेली झुंज खरी असल्याचे सोंग लोकांसमोर कधीही न मोडणे, हा दीर्घकाळ या व्यवसायाचा पहिला नियम होता. १९८७ मध्ये न्यू जर्सीत पोलिसांनी एक गाडी अडवली. रिंगणात एकमेकांच्या जिवावर उठलेले जिम डगन आणि आयर्न शीक तीत शेजारी बसून प्रवास करत होते, आणि धंद्याला जो हादरा बसला त्यात या शेजारी बसण्याचा वाटा मोठा होता. १९८९ मध्ये त्याच राज्याच्या सिनेटसमोर कंपनीने स्वतःच हा खेळ म्हणजे करमणूक असल्याचे मान्य केले, तेही क्रीडा आयोगाचे नियमन आणि कर टळावेत म्हणून. नव्वदच्या दशकात केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ (डब्ल्यूडब्ल्यूईचे तेव्हाचे नाव) पाहत आणि ट्रम्प कार्ड खेळत वाढलेल्या मराठी पिढीला अंडरटेकर नीट आठवत असेल. १९९० मध्ये उभी केलेली ती मृत्युदूताची प्रतिमा त्याने सुमारे तीन दशके चारचौघांतही सांभाळली आणि २०१९ च्या नोव्हेंबरात कुस्तीगीर स्टीव्ह ऑस्टिनच्या ‘ब्रोकन स्कल सेशन्स’ या मुलाखत-मालिकेत तो आपल्या खऱ्या नावाने, मार्क कॅलवे म्हणून, निवांत बोलायला बसला.

केफेब गेले म्हणून सत्य आले, असे मात्र झाले नाही. प्रेक्षकाला सारे ठाऊक आहे हे गृहीत धरून कंपन्यांनी सत्यालाच मालमसाला केले. २०११ च्या जूनमध्ये लास व्हेगासला याच पंकने मंचावर मांडी घालून कंपनीच्या मालकांवर जी आग ओकली, ती कंपनीच्याच कार्यक्रमात, कंपनीच्या संमतीने. शेवटी ध्वनिक्षेपक बंद पडला तोही त्याच खेळाचा भाग होता. त्यातले शब्द पंकच्या मनातले होते आणि तरीही ती नुरा कुस्ती होती. २०१९ च्या मे महिन्यात जॉन मॉक्सलीने ऑल एलिट रेसलिंग या नव्या कंपनीत पाऊल ठेवले, ते ख्रिस जेरिकोची लढत संपताच रिंगणात घुसून त्याच्यावर हल्ला करत. काही दिवसांतच तोच मॉक्सली ‘टॉक इज जेरिको’ या जेरिकोच्या पॉडकास्टवर बसून डब्ल्यूडब्ल्यूईत लेखकांनी लिहून दिलेली वाक्ये बोलताना आपला जीव कसा घुसमटला, हे तपशिलाने सांगत होता. ती साक्ष मोलाची आहे आणि ती प्रामाणिक नव्हती असे मी म्हणत नाही. पण यजमान आणि पाहुणा दोघेही आता एकाच कंपनीच्या पगारावर होते आणि टीका होत होती ती प्रतिस्पर्ध्यावर. त्या मोकळेपणाची जेरिकोला कोणतीच किंमत मोजावी लागणार नव्हती. कबानाला ती तीन वर्षांहून अधिक काळ कोर्टात मोजावी लागली. ऐकणाऱ्याच्या कानाला मात्र दोन्ही संवाद सारखेच मोकळे वाटतात.

मग या मुलाखती टाकाऊ ठरतात का? मुळीच नाही. मानसशास्त्रज्ञ उल्रिक नाइसर याने १९८१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वॉटरगेट प्रकरणात व्हाइट हाउसचा वकील जॉन डीन याने १९७३ मध्ये सिनेट समितीपुढे राष्ट्राध्यक्ष निक्सनशी झालेल्या संभाषणांची तपशीलवार साक्ष दिली होती, आणि पुढे त्याच संभाषणांच्या ध्वनिफिती बाहेर आल्या. नाइसरने दोन्ही ताडून पाहिले. कोण कधी काय बोलले यात डीन वारंवार चुकला होता आणि स्वतःची भूमिका त्याने नकळत मोठी केली होती. पण काय चालले होते, याचे त्याने दिलेले एकंदर चित्र बरोबर होते. कुस्तीगीरांच्या आठवणींना हे तंतोतंत लागू पडते. वीस वर्षांपूर्वी ड्रेसिंग रूममध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचे तेव्हाचे मालक व्हिन्स मॅकमहन अमुक वाक्य बोलले, असे कोणी छातीठोकपणे सांगितले तर ते वाक्य बाजूला ठेवावे. पण परस्परांशी न पटणारे अनेक कुस्तीगीर वेगवेगळ्या यजमानांसमोर एकच गोष्ट सांगतात, की दुखापत लपवून रिंगणात उतरावे लागे, कारण जागा गेली की परत मिळत नसे. तेव्हा तो पुरावा होतो. असे काही बाहेर काढायला यजमान कुस्तीगीर असण्याचा मोठा उपयोग आहे, कारण कुठली इजा खरी जायबंदी करते आणि कुठल्या प्रश्नावर गडी अडखळेल, हे त्याला अंगमेहनतीने कळलेले असते.

तरीही हे ज्ञान एकट्याने पुरत नाही. शेजारी कागद लागतो. म्हणून या प्रकारातली सर्वांत उपयुक्त मांडणी एका बिगरकुस्तीगीराने रूढ केली, असे मला वाटते. कॉनरॅड थॉम्पसन हा अलाबामातला गृहकर्ज व्यावसायिक. २०१६ पासून तो ब्रूस प्रिचर्डसमोर आणि पुढे एरिक बिशॉफसमोर बसू लागला. हे दोघे पडद्यामागे निर्णय घेणारे लोक. थॉम्पसन त्यांच्यासमोर डेव्ह मेल्टझरच्या ‘रेसलिंग ऑब्झर्व्हर’ या वार्तापत्रात त्या काळी काय छापून आले होते ते वाचून दाखवतो, प्रेक्षकसंख्येचे आकडे सांगतो आणि मग विचारतो. प्रिचर्ड चिडतो, मेल्टझरला खोटे ठरवतो, कधी विषयाला बगल देतो. पण श्रोत्यासमोर आता दोन कथने असतात आणि निवड त्याची असते. मेल्टझरही चुकतो हा आक्षेप खरा आहे. परंतु त्याची चूक त्या त्या आठवड्याची तारीख घालून छापलेली आहे, म्हणून ती पकडता येते. आठवणीला तारीख नसते.

कागदाचे बळ काय असते ते कुस्तीगीर जेसी व्हेंचुराच्या गोष्टीत दिसते. १९८६ मध्ये त्याने कुस्तीगीरांची संघटना बांधण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला, कारण कोणीतरी मॅकमहन यांच्या कानावर ते घातले. व्हेंचुरा पुढे मिनेसोटाचा राज्यपाल झाला आणि ही गोष्ट मुलाखतींतून सांगत राहिला. ती निव्वळ कुरबुर ठरत नाही, कारण त्याने कंपनीवर मानधनासाठी लावलेल्या खटल्यात कुस्तीगीर हल्क होगनची शपथेवर जबानी झाली होती आणि मालकाला आपणच सांगितल्याचे होगनने तीत कबूल केले होते. त्या खटल्यात व्हेंचुराला आठ लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. संघटना मात्र आजही नाही. डब्ल्यूडब्ल्यूईचे कुस्तीगीर कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार आहेत.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. उलटतपासणी करणाऱ्या यजमानासमोर कोणी बोलेल कशाला? पंक बोलला तो मैत्रीमुळे. हे मान्यच करायला हवे. मैत्रीने तोंड उघडते. पण मैत्री पुढचा प्रश्न विचारू देत नाही आणि त्या दिवशी कबानाने डॉक्टरांची बाजू विचारली नव्हती. ज्युरीचा कौल बदनामीच्या दाव्यापुरता होता, मुलाखतीतल्या प्रत्येक वाक्याला त्याने सत्याचा शिक्का दिला नाही. उलट, मालकाच्या घरात बसूनही विचारता येते, हे ऑस्टिनने त्याच आठवड्यात दाखवले. १ डिसेंबर २०१४ रोजी कंपनीच्याच वाहिनीवर, थेट प्रक्षेपणात, त्याने मॅकमहन यांना पंकबद्दल विचारले, आणि लग्नाच्या दिवशी पत्र गेल्याबद्दल मॅकमहन यांना माफी मागावी लागली. दोन महिन्यांनी कंपनीचा अधिकारी ट्रिपल एच याच्यासमोर त्याने महिला कुस्तीगीर चायनाला कंपनीच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान का नाही, हा अवघड विषय काढला. पाहुण्याला अवघड जाणारे प्रश्न विचारण्याइतके ऑस्टिनचे वजन होते आणि त्याने ते वापरले. माझ्या हिशेबी कुस्तीगीर यजमानांत तो म्हणूनच सर्वांत वर आहे, भले त्याचे कित्येक भाग शिकारीच्या आणि बिअरच्या गप्पांत गेले असोत.

दुसरा आक्षेप सोपा आहे. लोक विरंगुळ्यासाठी ऐकतात, तिथे कोर्टकचेरी कशाला? कारण या व्यवसायाचा दुसरा इतिहास फारसा उपलब्ध नाही. मालकाने लपवलेले सांगणारे बहुतेक आवाज या पॉडकास्टांतूनच येतात, आणि त्यांना ढिलाईने ऐकले तर उद्या त्यांनाही कोणी गंभीरपणे घेणार नाही. पडद्यावरचा इतिहास तर मालकाच्याच हातात गेला: २००१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने आपली सर्वांत मोठी प्रतिस्पर्धी कंपनी डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली, २००३ मध्ये ईसीडब्ल्यूची मालमत्ता घेतली, आणि दोघींच्या चित्रफितींचे संग्रह तिच्या मालकीचे झाले. ‘ब्रोकन स्कल सेशन्स’ ही याच कंपनीची निर्मिती आहे. अंडरटेकरने ऑस्टिनसमोर उघड केलेल्या आठवणीही आज त्याच संग्रहात आहेत.