सायबर सुरक्षेचे प्रमाणपत्र आणि नोकरीच्या वाटा

सायबर सुरक्षेचे प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा साधारण सहा महिने ते वर्षभरात पूर्ण होतो. इग्नू दूरशिक्षणाने माहिती सुरक्षेचे अभ्यासक्रम चालवते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेचा पदव्युत्तर डिप्लोमा सहा महिन्यांचा, पूर्णवेळ असतो आणि त्यासाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

अभ्यासाची सुरुवात नेटवर्क आणि लिनक्सपासून होते. हा पाया कच्चा राहिला, तर पुढचे सगळे पाठांतरावर येते. त्यानंतर कूटलेखन, वेबसाइटमधल्या त्रुटी, डिजिटल फॉरेन्सिक आणि २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा शिकवला जातो. खरे शिक्षण प्रयोगशाळेत होते. वायरशार्क हे मोफत सॉफ्टवेअर सुरू करून साध्या एचटीटीपी पानावर लॉगिन केले, की टाइप केलेला पासवर्ड पडद्यावर जसाच्या तसा वाचता येतो. एचटीटीपीएस पानावर तिथेच निरर्थक अक्षरे दिसतात. कूटलेखन कशासाठी हवे, हे त्या एका प्रयोगात कळते.

या शिक्षणाला मागणी का आहे, हे पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरील हल्ल्यावरून लक्षात येते. ऑगस्ट २०१८ मध्ये हल्लेखोरांनी बनावट कार्डे वापरून देशोदेशीच्या एटीएममधून रोकड काढली आणि स्विफ्ट या बँकांच्या संदेशप्रणालीद्वारे हाँगकाँगला पैसे वळवले. एकूण ९४ कोटींच्या आसपास रक्कम गेली. बँकांनी चोवीस तास नजर ठेवावी, अशी अपेक्षा रिझर्व्ह बँकेने २०१६ च्या परिपत्रकातच मांडली होती. सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. या नियमांमुळेच कंपन्यांना प्रशिक्षित माणसे लागतात.

पहिली नोकरी बहुधा सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये, एसओसी अ‍ॅनालिस्ट म्हणून मिळते. काम शिफ्टमध्ये, रात्रपाळीही ठरलेली. रात्री अडीच वाजता एकाच खात्यावर लागोपाठ फसलेली लॉगिन आणि मग अचानक एक यशस्वी लॉगिन दिसले, तर कर्मचारी पासवर्ड विसरला होता की चोर आत शिरला, हे ताडून वरिष्ठांना कळवायचे असते. अनुभवानंतर पेनिट्रेशन टेस्टिंग (परवानगीने हल्ला करून त्रुटी शोधणे), ऑडिट किंवा फॉरेन्सिककडे वळता येते. वाणिज्य आणि विधी शाखेच्या पदवीधरांना ऑडिट व नियमपालनाची कामे जवळची वाटतात.

प्रमाणपत्राच्या मर्यादाही आहेत. सीआयएसएसपीसारख्या वरच्या पात्रतेसाठी साधारण पाच वर्षांचा अनुभव लागतो. मुलाखतीतही स्वतः केलेल्या कामाबद्दलच खोदून विचारतात. सराव मात्र स्वतःच्या किंवा परवानगी दिलेल्या यंत्रणेवरच करावा. परवानगीविना दुसऱ्याच्या यंत्रणेत अप्रामाणिक हेतूने शिरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा सुरक्षित सराव प्रयोगशाळेत मिळतो, म्हणून फी भरण्यापूर्वी संस्थेला एकच प्रश्न विचारावा: प्रत्यक्ष प्रयोगशाळेचे तास किती?